मोडीत काढण्यापूर्वी

शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने मराठी मनात एक शब्दजोडी कायमची बसवली आहे: टाकाऊतून टिकाऊ. रिकाम्या बाटलीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, लग्नपत्रिकांचा आकाशकंदील. दरवर्षी प्रदर्शन भरते, पाहुणे कौतुक करतात आणि आठवड्याभरात त्यातले बहुतेक टिकाऊ पुन्हा टाकाऊत जमा होते. वस्तू आधी निरुपयोगी झाली, मग एका कल्पक माणसाची नजर तिच्यावर पडली आणि तिला दुसरा जन्म मिळाला, असे या शब्दजोडीने गृहीत धरलेले असते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारीचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास वेगळीच गोष्ट सांगतो. या पट्ट्यात लोखंड, ॲल्युमिनियम, लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टिक सतत फिरून वापरात येत राहिले, पण त्यामागची कल्पकता शेवटी तयार झालेल्या वस्तूत शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. ती बरीच आधी खर्ची पडलेली असते: वस्तू उघडता येईल, दुरुस्त होईल अशी आखण्यात, निघालेल्या मालाची प्रतवारी करण्यात, आणि ज्याला तो माल हवा त्याच्या हाकेच्या अंतरावर असण्यात. आखणी, निवड आणि शेजार या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा इथे भंगाराचे सोने झाले. त्यातली एकेक सुटत गेली तसे त्याच भंगाराचे ढीग झाले.

कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून मराठीला या व्यवहाराची स्वतःची भाषा आहे. फुटके, चेपलेले भांडे म्हणजे मोड. ते तांबटाकडे न्यायचे. तो वजन करणार, घट धरणार, मोडीचा भाव लावणार आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढे वजा करून वर घडणावळ घेणार. धातू घरचा, कसब तांबटाचे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हा हिशेब चालत आला. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आज आपण हेटाळणीने वापरतो, पण मुळात तो जमाखर्चातला शब्द होता. मोडीत निघालेल्या वस्तूचे रूप जाई आणि धातू शिलकीत राही. कापडाचेही तसेच. विरलेल्या लुगड्याची झबली होत, झबल्यांनंतर ते वाकळेच्या थरांत जाई, वाकळ फाटली की पोतेऱ्यात. घरात खपत नसे ते बोहारणीच्या गाठोड्यात पडे आणि बदल्यात भांडे येई. या साखळीचे मर्म तिच्या पहिल्या कडीत आहे. भांडे एकाच धातूचे, कल्हईखेरीज त्यावर दुसरा थर नाही, म्हणून ते निर्धास्त वितळवता येई. लुगडे म्हणजे न कापलेले, न शिवलेले सलग कापड, म्हणून त्याचे पुढे काहीही करता येई. पुनर्वापराची सोय घडणीतच होती, ती नंतर कुणाला सुचलेली नव्हती.

पिंपरीच्या माळावर कारखाने आले ते टंचाईच्या काळात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत इथे वसली आणि तिचीच पुढे पिंपरी कॅम्पची बाजारपेठ झाली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतजमिनींवर एमआयडीसीचे ब्लॉक आखले गेले. बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आकुर्डीत आल्या, १९६६ मध्ये ट्रक बनवणाऱ्या टेल्कोने पुण्याच्या प्रकल्पाला हात घातला. मार्च १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या सगळ्या काळात यंत्र परदेशातून आणायचे तर परवाना, सुटा भाग आणायचा तर परवाना, परकीय चलन तुटपुंजे. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी ट्रकच्या आधी टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग उभे करण्यावर भर दिला, त्यामागे हीच जाणीव होती: जे विकत मिळणार नाही ते आपल्याला घडवता आले पाहिजे. ग्राहकाच्या बाजूनेही टंचाईच होती. बजाजची स्कूटर नोंदवून लोक दहा-दहा वर्षे वाट पाहत. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली गाडी कुणी सहजासहजी मोडीत काढत नसे.

या टंचाईने आखणीला शिस्त लावली, हे एका उदाहरणावरून दिसते. टू-स्ट्रोक स्कूटरचे सिलिंडर झिजले की गाडी धूर ओकू लागते आणि चढाला दम तोडते. तेव्हा गॅरेजवाला सिलिंडर उतरवून रीबोअरला पाठवी. बोअरिंग मशीनवर झिजलेल्या भोकाचा व्यास किंचित वाढवून ते पुन्हा गोल आणि गुळगुळीत करायचे आणि त्यात तेवढ्याच मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. हे पिस्टन ठरावीक टप्प्यांनी मोठे मिळत, त्यामुळे एकाच ओतीव सिलिंडरला तीन-चार आयुष्ये लाभत. ही किमया वरवर गॅरेजवाल्याची वाटते आणि त्याचे कसब त्यात आहेच. पण सिलिंडरची भिंत रीबोअर सोसेल इतकी जाड ओतलेली असावी लागते आणि मोठ्या मापाचे पिस्टन कुणीतरी बाजारात आणावे लागतात. म्हणजे गाडी कागदावर असतानाच तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आयुष्याची तरतूद झालेली होती. आजच्या अनेक मोटारसायकलींत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण, पातळ थर दिलेला असतो. इंजिन हलके होते, टिकतेही जास्त. पण तो थर गेला की गल्लीतल्या मशीनवर रीबोअर होत नाही, सिलिंडरच बदलावे लागते. दोन्ही आखण्यांना आपापली कारणे आहेत. पुनर्वापर मात्र कारागिराच्या मनावर कमी आणि ड्रॉइंगवर जास्त अवलंबून असतो, हे त्यातून स्पष्ट होते.

भोसरीतल्या छोट्या शेडमध्ये दुरुस्तीची हीच गोष्ट रोज घडत आली. बोथटलेले ड्रिल ग्राइंडरवर धरून त्याला पुन्हा ११८ अंशांचे टोक द्यायचे. जळालेल्या मोटरचे वाइंडिंग काढून तांबे विकायचे आणि नवी तार भरून तीच मोटर पुन्हा कामाला लावायची. मोठ्या कारखान्याने काढून टाकलेले लेथ घासूनपुसून, बेड ग्राइंड करून लघुउद्योजकाने आपल्या पहिल्या शेडमध्ये बसवायचे. एमआयडीसीने मोठ्या भूखंडांच्या शेजारी लहान गाळे ठेवले आणि मोठ्या कंपन्यांनी सुट्या भागांची कामे बाहेर देण्याचे धोरण ठेवले, तेव्हा पुनर्वापर त्यांच्या मनात नव्हता. पण शेजार मिळाला आणि त्याचा फायदा भंगारालाही झाला. प्रेसशॉपमध्ये पत्र्यातून मोठा भाग कापला की उरलेला तुकडा दुसऱ्याच्या छोट्या वॉशरला किंवा ब्रॅकेटला पुरतो. तो तुकडा पाच किलोमीटरवर विकला गेला तर पत्रा म्हणून विकला जातो, पाचशे किलोमीटरवर गेला तर वितळवण्याचे लोखंड म्हणून. त्याची किंमत अंतराने ठरते. कल्पकतेच्या गप्पांत हे अंतर सहसा मोजले जात नाही.

यापुढचा टप्पा निवडीचा. बाहेरून पाहणाऱ्याला भंगार हा एकच ढीग दिसतो; धंद्यातल्या माणसाला त्यात पंचवीस वेगवेगळे माल दिसतात. लेथवरून निघालेल्या लांब कुरळ्या टर्निंगचा भाव वेगळा, बिडाच्या भुकटीसारख्या बोरिंगचा वेगळा, प्रेसखालून निघालेल्या स्वच्छ सीआरसी (थंड अवस्थेत लाटलेल्या) पत्र्याच्या कातरणाचा सर्वांत चढा. कारण उघड आहे. त्या कातरणाचे रासायनिक घटक आधीच माहीत असतात. गंज नाही, रंग नाही, भेसळ नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना चांगल्या दर्जाचे ओतकाम करायला असाच माल लागतो, आणि तिथे ओतलेले भाग पुन्हा पुणे-पिंपरीच्या वाहन कारखान्यांकडे येतात. हलक्या प्रतीचे, मिसळलेले लोखंड जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांकडे जाते आणि सळई होऊन परतते. एकाच कारखान्याच्या दारातून निघालेल्या दोन ट्रकांपैकी एकातला माल इंजिनात जाणार की खांबात, हे प्रतवारीने ठरते. ही पारख करण्याची साधने साधी आहेत. चुंबक चिकटला की लोखंड. स्टेनलेसच्या एका जातीला चिकटतो, दुसऱ्या जातीला नाही. पोलादाचा तुकडा ग्राइंडिंगच्या चाकाला टेकवला की ठिणग्या बोलू लागतात. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर टोकाशी फुलबाजीसारखी फुले फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर आणि मंद. प्लास्टिकची परीक्षा पाण्याच्या बादलीत होते: पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस आणि नायलॉन बुडतात. पुस्तकात या चाचण्यांना नावे आहेत. बाजारात ती नुसती सवय आहे.

ही निवड करणारे हात कोणाचे, हा प्रश्न टाळून हा इतिहास लिहिता येत नाही. घरगुती आणि बाजारी कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचण्याचे काम पुणे परिसरात मुख्यतः दलित स्त्रियांनी केले आहे आणि त्यातली बरीच कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आली. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी नव्वदच्या दशकातच कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ओळखपत्राने त्यांच्या कामाला काम म्हटले, ही त्यातली मोठी गोष्ट. केंद्र सरकारच्या घनकचऱ्याच्या नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख यायला २०१६ साल उजाडावे लागले. कारखान्याच्या भंगारात माणसे वेगळी: गोडाऊनचे मालक आणि कामगार यांत उत्तर भारतातून आलेले पुष्कळ. दोन्हीकडे सारखेपणा असा की निवडीचे कसब ज्यांच्या अंगी आहे त्यांना कारागीर म्हणण्याची आपल्याला सवय नाही. तांबटाला घडणावळ मिळे. वेचणारीला फक्त वजनाचे पैसे मिळतात. तिच्या नजरेची घडणावळ कुठल्याच पावतीवर येत नाही.

नव्वदच्या दशकानंतर उद्योग उत्तरेकडे सरकला. संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही चाकणची जुनी ओळख. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, पाठोपाठ महिंद्राचा प्रकल्प. त्यांच्यासोबत एक नवा माल आला: परदेशी लाकूड. जर्मनी, कोरिया, जपानहून येणारी यंत्रे आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांत आणि पॅलेटवर बसून येत. त्या लाकडावर एक शिक्का डागलेला असतो. गव्हाच्या ओंबीची आकृती, देशाची दोन अक्षरे, एक क्रमांक आणि शेवटी एचटी किंवा एमबी. २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडातली कीड सीमेपार जाऊ नये म्हणून त्यावर प्रक्रिया करावी लागते. एचटी म्हणजे लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सियसवर तीस मिनिटे तापवलेला. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. पलंग किंवा लहान मुलाचे टेबल करायचे तर पहिले घ्यावे, दुसरे टाळावे. शहराच्या कडेच्या चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोडाऊनांत ही खोकी खिळे उपसून फळ्यांत सुटी होत, पुन्हा पॅलेट होत किंवा कपाटे, सोफ्याचे सांगाडे, दुकानांची फडताळे होऊन निघत. शहरातल्या कॅफेंमध्ये पॅलेटचे फर्निचर ही फॅशन झाली तेव्हा त्यामागचा खिळे उपसणारा बाजार कुणाला दिसला नाही.

कारखान्यांच्या आतही याच सुमारास विचार बदलत होता. जपानी पद्धतींसोबत कायझेन (सतत सुधारणा) आणि मुडा (वाया जाणे) हे शब्द शॉपफ्लोअरवर मराठीइतकेच रुळले. कराकुरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युक्त्यांमध्ये विजेशिवाय, केवळ उतार आणि वजनाच्या जोरावर बिन पुढे सरकवणारे रॅक कामगार जुन्या पाइपांतून आणि रोलरांतून जोडतात. लाकडी खोक्यांच्या जागी परत येणाऱ्या प्लास्टिकच्या बिन आणि लोखंडी ट्रॉल्या आल्या. कचरा निर्माणच होऊ न देणे हा पुनर्वापराचा सर्वांत वरचा प्रकार, आणि इथे तो आखणीतूनच साधला. प्रदर्शनी पुनर्वापराचे उदाहरणही याच पट्ट्याशी जोडलेले आहे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका विक्रांत २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली. तिचा धातू आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने विकत घेतला आणि २०१६ मध्ये आणलेल्या व्ही या मोटारसायकलीत वापरला. लोकांनी ती अभिमानाने घेतली, त्यात गैर काहीच नाही. पण विक्रांतच्या पोलादाला नाव होते म्हणून त्याची बातमी झाली. रोज ट्रकांतून जाणाऱ्या कातरणाला नाव नसते. धातूशास्त्राच्या दृष्टीने दोहोंचा प्रवास सारखाच आहे.

आता आक्षेपांकडे वळायला हवे, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप घातक परिणामांचा. भंगाराची गोडाऊन म्हणजे आगीचे आमंत्रण. कुदळवाडीत आगी वारंवार लागल्या, डिसेंबर २०२४ मधली आग तर दूरवरून दिसत होती. तार जाळून तांबे काढायचे, प्लास्टिक पेटवून वासावरून ओळखायचे, रसायनांची पिंपे धुऊन सांडपाणी नाल्यात सोडायचे: हे सारे घडत आले आणि इंद्रायणी नदीने ते सोसले. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दूषित पिंपे आणि तेलाने माखलेल्या चिंध्यासुद्धा घातक कचरा म्हणून नोंदलेल्या आहेत. बोहारणीच्या गाठोड्यातले सुती कापड कारखान्यात पुसायची चिंधी होऊन तेलात भिजले की त्याची वाकळ होत नाही, ही या साखळीची मर्यादा मान्य करायलाच हवी. शिवाय भंगाराच्या ठेक्यांवरून होणारी दमदाटी आणि खंडणी हाही या औद्योगिक पट्ट्याचा जुना रोग. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामे आठवड्याभरात पाडली, आठशेहून अधिक एकरांचा पट्टा मोकळा केला. बांधकामे अनधिकृत होती, विकास आराखड्यातले रस्ते अडले होते, प्रदूषण होत होते, ही पालिकेची कारणे खोटी नव्हती.

तरीही या कारवाईतून काय पाडले गेले, याचा हिशेब पुरा झाला नाही. चिखली महापालिकेच्या हद्दीत आली ती १९९७ मध्ये; भंगार नेहमी शहराच्या कडेला वसते आणि कड पुढे सरकली की ते अतिक्रमण ठरते. गोडाऊन पाडल्याने आगीचा धोका त्या जागेवरून हलला. मोठ्या कारखान्यांतून रोज निघणारा माल मात्र तेवढाच राहिला आणि तो आणखी लांबच्या, आणखी कमी नजरेच्या जागी जाणार हे ओघानेच आले. इथे शेजार तुटला आणि निवडही विस्कटली, कारण प्रतवारीचे जाळे माणसांच्या ओळखीवर उभे असते; कोणाला कुठला माल लागतो ही माहिती पत्र्याच्या शेडसोबतच गेली. आगीला उत्तर आहे: दोन शेडमध्ये मोकळे अंतर, पाण्याची सोय, ज्वलनशील माल वेगळा, दूषित पिंपांना कायद्याने ठरवलेली वाट. जड उद्योगांसाठी आखीव वसाहत काढणाऱ्या महाराष्ट्राने भंगार निवडणाऱ्यांसाठी आखीव वसाहत कधी काढली नाही. १९६२ मध्ये महामंडळाच्या आराखड्यात कारखान्याला जागा होती, रस्त्याला होती, पाण्याच्या टाकीला होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाला मात्र नव्हती. कुदळवाडी ही त्या राहून गेलेल्या चौकोनाची जागा भरत होती.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावर बोट ठेवणारा आहे: हा सारा गरिबीचा इतिहास आहे, त्याला कल्पकतेचे नाव देऊन गौरवू नका. स्कूटर दुरुस्त होत होती कारण नवी मिळत नव्हती. वाकळ शिवली जात होती कारण रजई परवडत नव्हती. यात तथ्य आहे. टंचाई परत यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण टंचाईने पुनर्वापर सक्तीचा केला म्हणून समृद्धीत तो अशक्य ठरतो असे नाही. परत येणाऱ्या ट्रॉल्या चाकणच्या कारखान्यांनी पैसे नाहीत म्हणून आणल्या नाहीत. पैसे वाचतात म्हणून आणल्या. ॲल्युमिनियम खनिजापासून काढण्यापेक्षा वितळवून पुन्हा वापरले तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि हे गणित श्रीमंत देशांनाही लागू आहे. गरिबीने आपल्याला जे नाइलाजाने शिकवले ते आता मुद्दाम करायचे आहे, एवढाच फरक. गौरव करायचा असेल तर वंचनेचा न करता त्या वंचनेतून जमा झालेल्या पारखेचा करावा, आणि गौरवाचा खरा पुरावा म्हणजे मजुरी, हातमोजे आणि डोक्यावरचे छप्पर.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. आता शास्त्रशुद्ध केंद्रे आली आहेत, मग ठिणग्या पाहणारे आणि खिळे उपसणारे हात कशाला हवेत? १३ ऑगस्ट २०२१ रोजी देशाचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम लागू झाले आणि वाहन बनवणाऱ्यावर त्याच्या शेवटाचीही जबाबदारी आली. मोशीत महापालिकेचा कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. ही पावले योग्यच आहेत. पण धातूशास्त्राचा एक नियम यंत्रालाही चुकत नाही. अख्खी गाडी श्रेडरमध्ये घातली की वायरिंगचे तांबे पोलादात मिसळते आणि वितळवताना ते वेगळे काढता येत नाही. तांब्याचे प्रमाण वाढले की तापलेल्या पोलादाला तडे जातात आणि त्या पोलादाचा पुन्हा दर्जेदार पत्रा होत नाही, सळईच होते. उपाय एकच: श्रेडरच्या आधी वायरिंग हाताने उतरवणे. कचऱ्याच्या भट्टीचेही तसेच. मिश्र कचरा जाळला की वीज एकदाच मिळते आणि त्यातल्या पुठ्ठ्याची, प्लास्टिकची पुढची सगळी आयुष्ये संपतात. यंत्र जितके मोठे, तितकी त्याच्या तोंडाशी निवड नेमकी हवी. म्हणून जुने हात आणि नवी केंद्रे यांच्यात स्पर्धा लावण्यापेक्षा पहिल्यांना दुसऱ्यांत रीतसर कामावर घेणे धंद्याच्याही फायद्याचे आहे.

आखणीची खरी परीक्षा पुढे आहे. आकुर्डीचा बजाजचा कारखाना २००७ मध्ये थांबला. त्याच आवारात जून २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकचे उत्पादन सुरू झाले. जागेचा पुनर्वापर झाला, नावाचाही झाला. प्रश्न वस्तूचा आहे. १९७२ ची चेतक स्कूटर स्क्रूड्रायव्हर आणि पान्याने उघडत असे. विजेवरच्या कुठल्याही गाडीचा बॅटरी पॅक उघडणे हे कसबाचे आणि धोक्याचे काम आहे आणि सेल चिकटद्रव्याने घट्ट बसवलेले असतील तर ते सुटे करताना खराब होतात. २०२२ च्या नियमांनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, पण ती स्क्रूने बसवावी की गोंदाने, हे अजून कारखान्याच्या ड्रॉइंग बोर्डवरच ठरते. तांबटाने भांडे एकाच धातूचे घडवले, स्कूटरच्या आखणीकाराने सिलिंडरची भिंत जाड ठेवली. तसा निर्णय आज आकुर्डी आणि चाकणच्या अभियंत्यांच्या हातात आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती रिकामी बाटली जरूर द्यावी. सोबत एक जुना मिक्सर आणि एक स्क्रूड्रायव्हरही द्यावा आणि मिक्सर उघडायला सांगावे. जिथे स्क्रू सापडणार नाही, नुसता चिकटवलेला सांधा दिसेल, तिथे त्यांना कळेल की ही वस्तू विकण्यापूर्वीच मोडीत निघाली होती.